डाव्या सीटखालची राख

मंगळवार, ४

सगळं बदललं ते आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, कॉकपिटमध्ये डावीकडच्या सीटखाली मी हात घातला तेव्हा.

आधी वाटलं कागदाचा बोळा असेल. पायलट लोक बोळे करून टाकतात, बिस्किटांचे पुडे टाकतात, एकदा मला तिथे मोजा सापडला होता. पण हाताला लागलं ते सिगारेटचं थोटूक. विझवून, टिश्यूत गुंडाळून, सीटच्या रुळापाशी सरकवलेलं. भोवती राख. आणि सगळ्यावर त्या गोडगोड स्प्रेचा वास, स्वस्त हॉटेलच्या संडासात मारतात तसला.

विमान उतरून अर्धा तासही झाला नव्हता. आत एकशे ऐंशी माणसं होती. त्या सगळ्यांना सांगितलं होतं की विमानात धूम्रपान कराल तर कारवाई होईल. ते माइकवरून सांगणारी हवाई सुंदरी म्हणजे ती. नवीन होती तेव्हा ती विमान रिकामं असताना उभी राहून तेवढंच पाठ करायची, आणि मी पहिल्या रांगेत व्हॅक्यूम उगाच हळूहळू फिरवायचो. मला ते तिच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आम्हा सफाईवाल्यांपैकी कॉकपिटमध्ये एकालाच सोडतात आणि तो मी. दीड वर्ष इंजिनियरिंग केलंय, तेव्हा हा बटणांना हात लावणार नाही असा सुपरवायझरचा समज. बाकीचे मला 'इंजिनियर' म्हणतात ते मात्र कॉलेज सोडलं म्हणून.

सीटमागून मान वर काढली तर ती दारात उभी. हातातल्या टिश्यूकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. "नीट पुसशील ना? कोपऱ्यात पण?"

"हो."

"थँक यू हं," म्हणाली आणि हसली. सात महिन्यांत माझ्याशी बोललेलं एवढंच. मी तो कोपरा असा पुसला की त्यात बघून भांग पाडावा.

खाली उतरलो आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सीटच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, ऑक्सिजनचा मास्क असतो. मागच्या संडासात कोणी एक झुरका मारला तरी अलार्म वाजतो आणि उतरल्यावर त्याला पोलिसांच्या हवाली करतात. आणि हा पुढे बसून खुशाल धूर काढतो. चंदेरी केस, खांद्यावर चार पट्ट्या. मी त्याचं नाव 'चांदी' ठेवलंय. शेजारी बसणारा पायलट बदलत असतो. बोलत कोणीच नाही.

मावशीला सांगितलं. मावशी आमच्यातली सगळ्यात जुनी, विमानाची मागची बाजू आणि संडास तिच्याकडे. मला व्हॅक्यूमची नळी धरायलाही तिनेच शिकवलं. ती नळी गुंडाळत म्हणाली, "तुला आज दिसलं होय? तुझ्याआधी चार वर्षं पुढचं मीच पुसत होते."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले ना. म्हणून तर मागे आले."

बुधवार, ५

सुपरवायझरकडे गेलो. माणसांना नावाने हाक मारायच्या ऐवजी तो शिट्टी मारतो, म्हणून त्याचं नाव शिट्टी. शिट्टी चहात बिस्किट बुडवत होता.

"तुला काय दिसलं? कचरा दिसला. तुझं काम काय? कचरा उचलणं. उचललास का?"

"उचलला."

"मग माझ्याकडे काय आणलंस?"

बिस्किट चहात पडलं. तेवढाच काय तो आनंद.

घरी बाबा अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत. कॉलेज सोडलं त्या दिवसापासून सगळं आईमार्फत चालतं. "त्याला सांग, पंखा बंद करायला." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असतो. आई पण इमानदारीत सांगते, "अरे, पंखा बंद कर." प्रयोगशाळेतल्या सरांनी माझ्यावर नक्कल केल्याचा आळ घेतला आणि मी वही त्यांच्या टेबलावर फेकली, एवढीच माझी गोष्ट. नक्कल मी केली नव्हती. माझ्या वहीवरून बाकीच्यांनी केली होती. पण हे आता ऐकणार कोण.

शनिवार, ८

आज तिने मला स्वतःहून बोलावलं.

विमानातल्या त्या कपाटाएवढ्या स्वयंपाकघरात ती उभी होती. झाकण लावलेला कागदी कप पुढे केला. "हे मोठ्या पिशवीत टाकू नको हं. वेगळं कुठेतरी टाकशील?"

कप गरम नव्हता आणि कॉफीचा वासही नव्हता. मी काही विचारलं नाही. तिला बरं वाटलं असावं, कारण तिने माझ्या बाहीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "तू फार समजूतदार आहेस. बाकीचे नुसते प्रश्न विचारतात."

तो कप मी धावपट्टीच्या कुंपणापलीकडच्या डब्यापर्यंत चालत नेला. जेवणाची सुट्टी त्यात गेली. जाऊ दे.

तिची नोकरी अजून कच्ची आहे. पुढच्या महिन्यात पक्की होणार, पण कॅप्टन लोकांचा शेरा चांगला लागतो. म्हणजे तो ओढतो, आणि हिला त्याचे कप लपवावे लागतात. बिचारी कोणाला सांगू शकत नाही. मला सांगते आहे. शब्दांत नाही, पण सांगते आहे.

मावशीला हे बोललो तर ती म्हणाली, "बाळा, ती तुझ्याकडे नाही बघत. तुझ्या हातातल्या पिशवीकडे बघते."

मावशीला प्रेमातलं काय कळतं. दिवसाला दोन सिगारेटी ओढते, गेटाबाहेर रस्त्याकडेच्या फळीवर बसून. एक जेवणानंतर, एक सुटल्यावर. निदान ती गेटाबाहेर जाते.

सोमवार, १०

चांदी आज माझ्याशी बोलला. मी गुडघ्यांवर बसून त्याच्या पायाखालची रबराची चटई पुसत होतो. तो आला, माझ्या हातावरून पाय टाकून पलीकडे गेला, कोटाच्या खिशातून पेपरमिंट काढून माझ्यापुढे धरलं. "काय इंजिनियर, वेळेत होईल ना?"

म्हणजे माझं हे नाव वरपर्यंत पोचलंय. मी पेपरमिंट घेतलं. का घेतलं? हात आपोआप पुढे झाला. अर्धं चघळून झाल्यावर लक्षात आलं तेव्हा थुंकलं. खोटं कशाला लिहू, पाऊण संपलं होतं.

आई म्हणते मी उठसूट डोक्यात राख घालून घेतो. आता तर दुसऱ्याची आयती मिळते आहे.

गुरुवार, १३

उद्या अचानक तपासणी आहे. ती अचानक आहे हे आम्हाला आज सकाळीच कळलं, कारण शिट्टीने सगळ्यांना कोरे एप्रन वाटले आणि मावशी म्हणाली, "उद्या साहेब लोक येतायत वाटतं." वरून अधिकारी येतील आणि सफाई झालेल्या विमानात चढून बघतील.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे आणि ती इतकी सोपी आहे की हसू येतंय. हा माणूस रोज पकडला जात नाही, कारण मी रोज पुसतो. त्याचा सगळ्यात मोठा साथीदार मीच. मग एक दिवस नाही पुसलं तर?

मावशीला सांगितलं नाही. ती म्हणेल, गप बस. ती एकदा बोलून संडासापर्यंत पोचली, तेव्हापासून गपच आहे.

उद्या चांदी पकडला जाईल. तिला ते कप पुन्हा उचलावे लागणार नाहीत. मग मी तिला सांगेन की हे कोणी केलं. किंवा सांगणार नाही. तिला आपोआप कळलेलं जास्त चांगलं.

शुक्रवार, १४

झालं!

थोटूक होतंच. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास होता आणि त्याने निराश केलं नाही. पाण्याच्या कपात एक, सीटखाली राख, रुळावर पण राख. मी काच पुसली, चटई पुसली, पट्टे नीट ठेवले आणि ते सगळं तसंच सोडलं. दहा मिनिटं एका चमचाभर राखेभोवती पुसत बसणं हे पूर्ण पुसण्यापेक्षा अवघड असतं.

मग पुढच्या जिन्याने उतरलो, कारण ती तिथे उभी होती. नाहीतर आम्ही मागून उतरतो. कामाची शीट मागच्या दाराला लटकवलेली असते, मावशी सगळ्यात शेवटी उतरते आणि जाता जाता सगळ्यांच्या रकान्यांत तीच सही ठोकते. वीस मिनिटांत पाच जण कुठे रांग लावणार. वर्षानुवर्षं असंच चालतं.

तपासणीच्या बाई वर गेल्या. सहा मिनिटांनी खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कप. मी रिकामी बादली पुन्हा पुसून काढली. आनंदाने.

ती जिन्यात उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. सुटकेमुळे असं होतं कधीकधी.

शनिवार, १५

मावशीचा पास काढून घेतला.

शिट्टी शीट नाचवत म्हणाला, "कॉकपिट कोणी केलं? सही कोणाची? वाच." सही मावशीची. मग तिच्या कपाटातली पिशवी उपसली, त्यात सिगारेटचं पाकीट. संपलं. चार वर्षं कॉकपिटमध्ये जाणारी, सिगारेट ओढणारी बाई, शीटवर तिची सही आणि आत थोटूक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. चांदी म्हणे बाईंना म्हणाला, "सफाईवाल्यांकडे जरा लक्ष द्या, आम्हाला त्या वासात बसावं लागतं."

मी शिट्टीच्या टेबलावर हात आपटला. "तिला मुद्दाम धरलंय. ती पूर्वी बोलली होती म्हणून धरलंय."

"मग पुढे कोण होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे पुढे कोण असतं."

"शीटला माहीत नाही," शिट्टी म्हणाला.

सगळे हरामखोर आहेत. शिट्टी, चांदी, त्या बाई, शीट छापणारा पण. एकवीस तारखेला चौकशी आहे. तोवर मावशी घरी.

रात्री झोप आली नाही. रागाने. दुसरं काय.

सोमवार, १७

मावशीकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, खिडकीत तिची लेक पाठ करत बसलेली. नर्सिंगची परीक्षा आहे तिची. मावशीने मला स्टूल दिलं आणि स्वतः घड्या घालत बसली. दोन दिवस काही पुसलं नाही म्हणून हात शिवशिवतायत म्हणाली.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शुक्रवारी आत पुसलं नव्हतंस का रे?"

मी म्हणालो, "घाईत राहिलं असेल."

"हं. राहतं घाईत," ती म्हणाली आणि माझ्या हातात उशीचा अभ्रा दिला. "हे टोक धर."

मी टोक धरलं. बोलायला तोंड उघडलं आणि निघालं वेगळंच. म्हणालो, "तू काळजी करू नको. ती सांगेल खरं. तिला सगळं माहीत आहे, कप तिच्याच हातात असायचे."

"ती कशाला सांगेल?"

"सांगेल. मला माहीत आहे."

मावशी लेकीकडे बघून म्हणाली, "याला जरा पाणी दे ग."

मी खोटं का बोललो? तिने शिवी दिली असती तर मी खरं सांगितलं असतं. तिने अभ्रा दिला.

बुधवार, १९

कर्मचाऱ्यांच्या बसपाशी तिला गाठलं. तिच्या हातात ओढायची बॅग होती आणि ती बॅग तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

मी म्हणालो, "परवा तू खरं सांग. एवढंच कर. मी आहे."

"तू आहेस म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या बाजूने. मी तुझ्यासाठीच केलं ना ते."

"काय केलंस?"

सांगितलं. ती ऐकत होती आणि मी अपेक्षेने बघत होतो, इतका गाढव मी. ऐकून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या घरी मी एकटी कमावते. पुढच्या महिन्यात माझं पक्कं व्हायचं आहे. आणि तू ते तिथे ठेवलंस?"

"पण तो तुला कप लपवायला लावतो."

"लावतो. मी लपवते. त्यात तू कुठे येतोस?"

"तू मला कप दिलास."

"कारण तू विचारायचा नाहीस." मग म्हणाली, "माझ्यासाठी केलं असं पुन्हा कुठे बोलू नको. मी तुला काही करायला सांगितलं नव्हतं."

बस आली. ती चढली. खिडकीतून तिने पाहिलंही नाही.

इथे मी तिच्याबद्दल एक पानभर लिहिलं होतं. फाडलं. वाईट होतं आणि त्यातलं अर्धंअधिक खरं नव्हतं. तिने मला नीट पुसायला सांगितलं होतं. खरं तर फक्त तेवढंच सांगितलं होतं.

गुरुवार, २०

आईला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे चांदीचं, शिट्टीचं, मावशीवरच्या अन्यायाचं. माझा आवाज चढला होता, आई "हो रे, हो रे" करत होती. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. बाबांनी तीस वर्षं दुकानांतले तराजू तपासले. दुकानदार कितीही बडबडला तरी ते फक्त काट्याकडे बघायचे म्हणे.

पेपर खाली न करता म्हणाले, "त्याला विचार, पुढचं पुसायचं काम कोणाचं होतं."

आई माझ्याकडे वळली. तिने विचारलं नाही.

मी ताटावरून उठलो. या घरात कोणालाच कळत नाही, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

शुक्रवार, २१

दुसऱ्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. तपासणीच्या बाई मधे. चांदी साध्या निळ्या शर्टात, एखाद्याच्या चांगल्या काकांसारखा दिसत होता. शिट्टी. ती गणवेशात. मावशी खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर घेऊन, आत्ताच उठायचं असल्यासारखी.

बाईंनी आधी गणवेशातल्या तिला विचारलं, "वास आला होता का तुम्हाला?"

"नाही मॅडम."

"कधीच?"

"नाही." तिचा आवाज छान, स्वच्छ, पाठ केल्यासारखा.

मग मावशीला. "सिगारेट ओढता?"

"ओढते. गेटाबाहेर. दिवसाला दोन."

"गेल्या शुक्रवारी कॉकपिट तुम्ही केलंत?"

मावशीने मांडीवरची पिशवी सरळ केली. मला वाटलं आता ती माझ्याकडे बोट करेल. मी तर वाटच बघत होतो, म्हणजे मला भांडता आलं असतं. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "सही माझी आहे बाई."

म्हणजे तिला अभ्र्याचं टोक माझ्या हातात देतानाच माहीत होतं. आणि ती मला झाकत होती. राग कोणावर काढायचा ते मला कळेना, आणि जे समोर दिसत होते ते सगळे मोजून झाल्यावर एकच उरत होता.

मी उभा राहिलो. "मावशी आत गेलीच नव्हती. मी होतो. राख मला दिसली होती, थोटूक दिसलं होतं. मी मुद्दाम ठेवलं, तुम्हाला दिसावं म्हणून. आमच्यात सगळ्यांच्या सह्या मावशी करते, तशी तिने केली. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

शिट्टी म्हणाला, "याचं डोकं जरा..."

"त्याला बोलू द्या," बाई म्हणाल्या. "ते कोणाचं होतं?"

मी चांदीकडे बोट केलं. 

चांदी शांतपणे म्हणाला, "मला ओढताना पाहिलंस का बाळा?"

"नाही."

"मग आत एकटा कोण होता? तूच ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कॉकपिट मुद्दाम घाण ठेवलं, सही दुसऱ्याने केली, आणि थोटूक कोणाचं ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे. सिद्ध करता येत नाही."

"या खोलीत त्या दोन्हींचा अर्थ एकच," त्या म्हणाल्या, पण म्हणताना त्या माझ्याकडे नाही, चांदीकडे बघत होत्या. मग कागद पुढे सरकवला. "हे सगळं लिहून दे. तुझी नोकरी राहणार नाही, हे समजून लिही. यांचा पास आजच परत मिळेल."

माझ्याकडे पेन नव्हतं. खिसे चाचपले. समोरून एक पेन पुढे आलं, तिच्या गणवेशाच्या खिशातलं, निळं.  मी लिहिलं. जसं घडलं तसं, 'घाईत' हा शब्द न घालता. कपांबद्दल लिहायला लागलो तेव्हा समोर तिची खुर्ची करकरली. मी लिहिलं की विमानातला कप एकदा मी स्वतः बाहेर नेऊन टाकला. कोणी दिला ते लिहिलं नाही. प्रेमापोटी नाही. तिच्या जागी दुसरी उभी केली असती तर तिलाही त्याने तेच कप धरायला लावले असते.

सही केली. माझी, माझ्या रकान्यात. पेन तिला परत दिलं. तिने घेतलं आणि टोपण लावत राहिली, लागत नव्हतं.

गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. मावशी म्हणाली, "घरी जा आणि आधी जेव." तेवढ्यात चांदीने घड्याळ पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "मग मी निघू? माझं चारचं विमान आहे."

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "तुमचं अजून झालेलं नाही."

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसेल, चारच्या विमानात तोच बसला असेल. मला तिथे थांबायचा हक्क उरला नव्हता. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.